दाऊ आणि दुकानाचा गहू

बियाण्याच्या दुकानात बी संपतं, किस्से काही संपत नाहीत. माझं घर झाशीत ओरछा गेटपाशी आणि दुकान मोठ नावाच्या गावच्या बाजारात. सकाळी बसमध्ये आदल्या दिवसाचं काही आठवून मी एकटाच हसतो. कंडक्टरनं आता सवय करून घेतली आहे. यातले निम्मे किस्से एकट्या दाऊंचे. दाऊ सत्तरीचे शेतकरी, जिभेला धार. वीस वर्षांत मी त्यांना बियाण्याची एकही थैली विकू शकलो नव्हतो.

*

टीव्हीवर जीएम मोहरीची चर्चा चालू होती. दाऊंनी विचारलं, "जे जीएम का आय, भैया?"

मी माझ्या परीनं सांगितलं, की दुसऱ्याच जिवाचा गुण काढून प्रयोगशाळेत पिकात घालतात.

दाऊ मग म्हणाले, "ब्याव में हम पहले गोत पूछत. ईको गोत को बताए?"

*

कृषी खात्याचे नवे साहेब फॉर्म घेऊन दाऊंच्या शेतावर गेले. फॉर्ममध्ये पिकासाठी रकाना एकच, आणि शेतात ज्वारी, तूर, तीळ, मूग सगळं एकत्र.

साहेबांनी विचारलं, "मुख्य फसल कौन सी है?"

"साहब, पानी देख कें बताहैं. जो बच जाए, सोई मुख्य."

साहेबांनी रकाना कोराच ठेवला म्हणतात.

*

शेतकरी मेळाव्यात दाऊंच्याच मुलानं नव्या गव्हावर अर्धा तास भाषण ठोकलं. टाळ्याही जोरात पडल्या. मी दाऊंना डिवचलं, "काय दाऊ, पोरगा तर पलटला!"

"मंच पै नओ गेहूं बोउत," दाऊ शांतपणे म्हणाले, "घरै रोटी कठिया की मांगत."

कठिया म्हणजे इथला जुना, कमी पाण्यावर येणारा लालसर गहू. मी पोटासाठी नवं बी विकतो, पण दलिया आमच्याही घरी कठियाचाच होतो.

*

गेल्या पावसाळ्यात मात्र दाऊ दुकानात आले ते वाईट बातमी घेऊनच. मातीच्या कोठीत पाणी शिरून कठियाचं सगळं बी कुजलं होतं. आजोबांपासून चालत आलेलं बी. मला फार वाईट वाटलं.

आता ते बी गावात एकाच घरी उरलं होतं, दाऊंच्या धाकट्या भावाकडे, काशीरामकडे. बांधावरून दोघांचा अकरा वर्षं अबोला.

आमच्याकडे राखीच्या आधी द्रोणात गहू पेरतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती कोवळी रोपं, म्हणजे कजलिया, एकमेकांना देतात, कानामागे खोचतात आणि झालं गेलं विसरतात. दाऊंकडे द्रोणात पेरायलाही दाणा नव्हता. त्यांनी माझ्याकडून मूठभर नवा गहू नेला. वीस वर्षांतली त्यांची पहिली खरेदी!

कजलियांच्या दिवशी त्यांनी मलाही सोबत घेतलं. काशीरामच्या दारात दाऊ द्रोण धरून उभे राहिले. रोपं दिली, पण बी मागायला जीभ रेटेना.

काशीराम वाकून पाया पडला. रोपं कानामागे खोचता खोचता थांबला. मुळाशी चिकटलेला दाणा त्यानं नखानं सोलून पाहिला, मग दाऊंच्या तोंडाकडे पाहिलं.

"बड़े भैया, जे तो दुकान को गेहूं आय," तो म्हणाला. "बीज के लाने बोरी ल्याए हो, कै बोरी भी हमई दें?"