आर्नफिनची व्हॅनिला पावडर

चूक माझीच होती. "शनिवारी स्वीडनला जाऊ. तुझ्या पोटाच्या ऑपरेशनची पावडर तिकडे स्वस्त मिळते. गाडीची डिकी रिकामी ठेव," असं मला आर्नफिनला कळवायचं होतं. एकट्या आर्नफिनला. मी ते पाठवलं आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. आणि सरहद्दीअलीकडच्या आमच्या ब्योर्कविक गावात आर्नफिनकडे गाडी न शिकलेला माणूस म्हणजे एक तर पाळण्यात असतो, नाही तर चर्चमागच्या कबरीत. थोडक्यात, मी दवंडी पिटली.

ते पुसायला मी धावलो, पण तोवर निम्म्या गावाने वाचलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला त्या निम्म्याने सांगितलं होतं.

आर्नफिन ऑफिसात आला. दारात उभा राहिला, म्हणजे दार दिसेनासं झालं. रागावेल म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. तो एकच शब्द बोलला.

"केक."

चूक करणाऱ्याने केक आणायचा, हा आमच्या ऑफिसचा कायदा. गाडीचे दिवे चालू राहिले, केक. दोन विद्यार्थ्यांना एकच वेळ दिली, केक. मागच्या हिवाळ्यात मी शाळेची गाडी बर्फाच्या ढिगात घातली, तेव्हा स्ट्रॉबेरीचा आणला होता.

"केवढा आणू?" मी विचारलं.

"अशा चुकीला? मजल्यांचा. बदामाचा. वर साय."

"पण सोमवारपासून तुझी पावडर सुरू. खाणार कोण?"

"म्हणून तर आत्ता आणायचा नाही. मी खाऊ शकेन तेव्हा आणायचा. आणि सिंद्रे, मी विसरेन अशा आशेवर राहू नकोस."

आर्नफिन विसरत नाही. सारं आयुष्य त्याने विद्यार्थ्याच्या शेजारच्या सीटवर काढलंय, पायाखाली जादा ब्रेक आणि मांडीवर डबा घेऊन. डब्यात पाव, पावावर तपकिरी चीज, त्यावर पुन्हा पाव. गावात कोण आरसा बघत नाही, कोणाचा डावा इंडिकेटर उजवीकडे लागतो, हे त्याला लोकांच्या बायकांहून जास्त माहीत. त्याच्या वजनाने शाळेची गाडी एका बाजूला कायमची कललेली असे. आमची पोरं त्या कललेल्या गाडीत तयार व्हायची आणि परीक्षेला शेजारी एखादा सडपातळ परीक्षक बसला की गाडी अचानक सरळ झाल्याने गांगरायची. दोघं-तिघं तर त्यापायी नापास झाले, असं ते स्वतः सांगतात.

पण ऑपरेशन कललेल्या गाडीसाठी नव्हतं. ते होतं डुलकीसाठी.

रात्री झोपेत त्याचा श्वास अडकायचा, मग दिवसा कुठेही डोळा लागायचा. ते उघडकीला आलं हाल्डिसमुळे. हाल्डिस सत्तरी ओलांडलेली. नवरा गेल्यावर त्याची गाडी दारात उभी, म्हणून शिकायला आली. एकदा मोठ्या गोल चौकात शिरली आणि आर्नफिन झोपला. कुठल्या फाट्याला बाहेर पडायचं, ते कोणी सांगेना. बाई चौकाला फेऱ्या मारत राहिली. शेवटी बसवाल्याने खाली उतरून गाडी थांबवली.

"अगं, उठवायचंस त्याला!" मी म्हटलं.

"झोपलेल्या माणसाला उठवणं बरं दिसतं का?" हाल्डिस म्हणाली.

डॉक्टरने स्पष्ट सांगितलं: वजन उतरलं नाही तर झोप सुधारणार नाही, आणि झोप सुधारली नाही तर शिकवण्याचा दाखला मिळणार नाही. पोट लहान करायच्या ऑपरेशनसाठी आर्नफिन किती काळ रांगेत होता, ते विचारू नका. आता तारीख मिळाली होती. अट एकच. आधीचे दोन आठवडे नुसत्या पावडरीवर राहून यकृत आकसलं पाहिजे. ऑपरेशनच्या सकाळी वजन करणार. काटा उतरला नसला तर घरी परत, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला.

आता माझ्या दवंडीचा परिणाम ऐका. ऑपरेशनबद्दल ग्रुपवर कोणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या पोटाबद्दल बोलत नाहीत. पण 'स्वीडन' हा शब्द सगळ्यांनी बरोबर टिपला. "जातच आहात तर थोडं बेकन." "आमच्या पोरांना शनिवारी खायच्या सुट्या गोड गोळ्या, मोठी पिशवी." हाल्डिसने खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या सांगितल्या, "वजनाला जड नसतात" असं वर जोडून.

आर्नफिनची बायको रागना म्हणाली, "म्हणजे उपास ह्याचा आणि बाजार गावाचा."

शनिवारी मी गाडी चालवली. तो शेजारी. सरहद्द येईपर्यंत त्याने माझ्यावर इतक्यांदा ब्रेक मारला की मला मी अजून शिकाऊच आहे असं वाटायला लागलं. दुकानात शिरलो आणि त्याने पावडरचं कपाट पाहिलं. वर पाटी: तीन घ्या, दोनचे पैसे द्या.

"टोमॅटो सूपची घे, चॉकलेटची घे, थोडी थोडी," मी म्हटलं. "हॉस्पिटलच्या आहारवाल्या बाईंनी काय बजावलंय? साठा करू नका. ऑपरेशननंतर चव बदलते."

"जीभ बाईंची की माझी?"

"तुझी."

"मग? लहानपणापासून मला व्हॅनिला आवडतो. माझ्या आईलाही आवडायचा. घराण्याची आवड एका ऑपरेशनने जाते होय?"

ज्या माणसाने तीस वर्षं इतरांना वळायला सांगितलं, त्याला वळवणं सोपं नाही. एक ढकलगाडी व्हॅनिलाच्या डब्यांची भरली. दुसरीत जीवनसत्त्वाच्या गोळ्या, चघळायचं कॅल्शियम, लोहाच्या औषधाच्या बाटल्या.

"पुढे दुष्काळ पडणार आहे का?" मी विचारलं.

"माझ्यासाठी सोमवारपासून पडतोय," तो म्हणाला. आणि दुकानाबाहेर शेवटचा सॉसेज त्याने इतक्या हळू खाल्ला की मी नजर दुसरीकडे वळवली.

परत येताना कस्टमवाल्याने थांबवलं. तो आमचाच विद्यार्थी, अजूनही आरसा न बघणारा. डिकीत व्हॅनिलाचा डोंगर, मागच्या सीटवर गावाचं बेकन आणि गोळ्या. त्याने डोंगराकडे पाहिलं, आर्नफिनच्या पोटाकडे पाहिलं, आणि मला कळलं की हाही ग्रुपवर आहे.

"आज हवा बरी आहे," तो म्हणाला आणि सोडलं.

खरी पंचाईत पुढे झाली. सामान आर्नफिनच्या गॅरेजमध्ये उतरवलं, बेकन तिथल्या जुन्या फ्रीजरमध्ये टाकलं, आणि न्यायला कोणी येईना! रविवार गेला, सोमवार गेला, आठवडा गेला. कारण उघड होतं. यायचं म्हणजे आर्नफिन भेटणार. भेटला की ऑपरेशनबद्दल काही तरी बोलावं लागणार, नाही तर न बोलता उभं राहावं लागणार. दोन्ही आम्हाला जमत नाही. मीही ते निस्तरायच्याऐवजी 'आज येतील, उद्या येतील' करत राहिलो. परिणामी, दिवसभर पाण्यात पावडर ढवळून पिणारा एक भुकेला माणूस घरात, आणि भिंतीपलीकडे साऱ्या गावाचा खाऊ.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी ऑफिसची चावी द्यायला गेलो. घरात कोणी नव्हतं. गॅरेजमध्ये पाहतो तर शाळेची गाडी बंद, आणि आर्नफिन आपल्या सीटवर पट्टा बांधून बसलेला. मागच्या सीटवर हाल्डिसची पिशवी. तोंड उघडं. पिशवीचं.

"पट्टा कशाला बांधलायस? गाडी उभी आहे."

"बांधला की मला मागे वळता येत नाही."

मी बाजूला बसलो. "खाल्लंस?"

"एक तोंडात टाकली. मग थुंकली. मग थुंकलेल्या गोळीकडे बघत बसलो. बराच वेळ. सुंदर होती रे."

मला हसू आलं. त्याला नाही आलं.

"काटा उतरला नाही तर?" तो म्हणाला. "दाखला मिळाला नाही तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही, सिंद्रे. पायसुद्धा माझा एकच कामाचा आहे, ब्रेकचा."

 हवा बरी आहे असं म्हणणार होतो, पण आम्ही गॅरेजमध्ये होतो.

मग मी उठलो. सगळं बेकन, सगळ्या पिशव्या गाडीत भरल्या आणि दारोदार निघालो. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. प्रत्येक दारात तेच. लोक पिशवी घ्यायचे, आकाशाकडे बघायचे, वारा पडलाय म्हणायचे. एकाने तर बेकन छातीशी धरून बर्फ कधी वितळेल यावर भाषण दिलं. पण सगळ्यांचे कान मात्र उभे. मी काही सांगेन म्हणून.

हाल्डिसने उघडी पिशवी पाहिली, मग मला पाहिलं.

"यातली एक..." मी सुरू केलं.

"मी काही विचारलं?" ती म्हणाली. पिशवीची गाठ घट्ट मारली. दार लावता लावता थांबली. "त्याला सांग, मला त्या चौकातून अजून बाहेर पडायचंय."

मी जसंच्या तसं सांगितलं. आर्नफिनने पावडरीचा पेला उचलला आणि औषधासारखा एका दमात रिकामा केला.

ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलच्या बोळात मी आणि रागना बसलो होतो. तिने लोकरीचं विणकाम आणलं होतं, पण सगळं उलटं विणत होती. आतून नर्सचा आवाज आला, "बूट काढा." मग, "घड्याळही काढायचं? काढा हवं तर."  मग दार उघडून आर्नफिनने डोकं बाहेर काढलं.

"उतरलाय," तो म्हणाला, "घड्याळ धरूनही." आणि दार लावून घेतलं. रागनाने मला मिठी मारली, सुयांसकट.

ऑपरेशननंतर तो घरी आला तो आपल्या यकृताचं कौतुक करतच. सर्जन म्हणे 'सुरेख यकृत' म्हणाला. गावात कोणाचं यकृत कोणी सुरेख म्हटलेलं नाही, हे तो भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला. गंमत म्हणजे त्याने स्वतःच तोंड उघडल्यावर गावालाही वाचा फुटली, आणि ज्यांना हवेपलीकडे विषय नव्हता ते आता जठराबद्दल तावातावाने मतं देऊ लागले.

मग आला व्हॅनिलाचा दिवस. रागनाने नवीन डबा फोडला, चमचाभर ढवळलं, समोर ठेवलं. आर्नफिनने वास घेतला आणि पेला लांब सरकवला.

"हे काय आहे?"

"व्हॅनिला. तुझ्या घराण्याची आवड."

"याला नव्या गाडीच्या रबरी मॅटचा वास येतोय!"

दुसरा डबा फोडला. मॅट. तिसरा. मॅट. गॅरेजमध्ये छतापर्यंत मॅट.

"जीभ बाईंची की तुझी?" रागनाने विचारलं. ते वाक्य तिला मी पुरवलं होतं, हे कबूल.

तेव्हापासून आमच्या शाळेत जो पास होतो त्याला परवान्याबरोबर एक डबा मिळतो. जो नापास होतो त्याला दोन. चर्चच्या जत्रेत रागनाने त्या पावडरीचे वॉफल केले. लोकांनी मुकाट्याने खाल्ले आणि हवेबद्दल बोलले. इकडे आर्नफिनच्या दाराच्या कडीला मात्र अधूनमधून पिशव्या लटकलेल्या दिसायला लागल्या. कोणी स्वीडनहून आलं की टोमॅटो सुपाची पाकिटं, कोंबडीच्या रश्शाची, एकदा चॉकलेटचा डबा. नाव नाही, चिठ्ठी नाही. एका पिशवीत ज्येष्ठमधाची एकच खारट गोळी होती, कागदात गुंडाळलेली. ती कोणाची हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती त्याने खाल्लेली नाही. गाडीत, समोरच्या खणात ठेवली आहे.

शरदात त्याला दाखला मिळाला. त्या आठवड्यात हाल्डिसचा धडा होता. मी मागच्या सीटवर बसलो, गाडी आता सरळ उभी राहते याची खात्री करायला. हाल्डिस मोठ्या चौकात शिरली. एक फेरी झाली. मी पुढे वाकून आर्नफिन जागा आहे का ते पाहिलं.

"तिसऱ्या फाट्याला बाहेर," आर्नफिन टक्क उघड्या डोळ्यांनी म्हणाला. "आणि इंडिकेटर कोण देणार, हाल्डिस? बसवाला?"

ती बाहेर पडली. बेकरीशी पोचलो आणि गाडी गचकन थांबली. ब्रेक त्याने मारला होता. काचेत बदामाचा केक होता, मजल्यांचा, वर साय.

"आणू?" मी मागून विचारलं.

त्याने बराच वेळ पाहिलं. "सध्या मला दोन घास जातात. दोन घासांत तुझी चूक फिटत नाही."

"पुढच्या महिन्यात?"

"बघू. चल, हाल्डिस, आरसा बघून निघ." मग मान न वळवता मला म्हणाला, "आणि व्हॅनिला घातलेला नको."