एमेरिटस म्हणजे करीमचाचा

परवा नातीनं फोनवर विचारलं, "आजी, आमचे सर रिटायर झाले, आता एमेरिटस प्रोफेसर आहेत. म्हणजे फक्त नावापुरतेच ना गं? नव्या लॅबच्या उद्घाटनाला त्यांना कशाला त्रास द्यायचा?"

मी हसले... मला वणीचे करीमचाचा आठवले.

एकोणीसशे साठ-बासष्टची गोष्ट असेल. मी शाळेत होते. आमचा एक जुना ट्रक होता, मारेगावहून कापूस आणायचा, आणि त्याचं सगळं दुखणंखुपणं करीमचाचांच्या गॅरेजमध्ये निघायचं. तेव्हा ट्रक पुढून लोखंडी हँडल फिरवून सुरू करायचे. गॅरेजचा एक रिवाज होता... दुरुस्त झालेल्या इंजिनाच्या हँडलला पहिला हात उस्तादांचा, म्हणजे चाचांचा.

त्या वर्षी चाचांचे हात थरथरायला लागले. त्यांनी गॅरेज मुलाच्या, युसूफभाईंच्या हवाली केलं आणि यायचंच बंद केलं. पोराच्या कामात लुडबुड नको म्हणे.

नेमका तेव्हाच आमचा ट्रक दुरुस्त होऊन उभा होता. ऐन हंगाम, तिकडे कापूस पडलेला... आणि युसूफभाई काही हँडल मारेनात.

"अब्बा आल्याशिवाय हँडल लागत नाही भाऊ," एवढंच म्हणाले.

बाबा तापट. तणतणतच चाचांच्या घरी निघाले, मागोमाग मी. चाचा ओसरीवर बाजेवर बसलेले.

"मी त रिटायर झालो नं भाऊ," चाचा म्हणाले. "आता मले कायले बोलावता?"

बाबांची नजर चाचांच्या पायांकडे गेली. मीही पाहिलं... चाचांच्या अंगात धुतलेला सदरा होता, डोक्यावर टोपी होती आणि पायात बूट. बाजेवर बसलेला माणूस, पण बुटांच्या नाड्यासुद्धा घट्ट बांधलेल्या.

आतून चाची म्हणाल्या, "रोज सकाळपासून असेच बसून राह्यले."

बाबांचा राग कुठल्या कुठे गेला. "चला उस्ताद, गाडी खोळंबली," एवढंच म्हणाले ते.

चाचांनी हँडलवर थरथरता हात ठेवला, युसूफभाईंनी त्यावर आपला हात ठेवून जोर लावला. इंजिन धडधडायला लागलं आणि चाचा असे खुलले की मला आजही ते आठवून बरं वाटतं. पुढं कितीतरी वर्षं तो पहिला हात त्यांचाच होता.

नातीला म्हटलं, आजच जा बाई सरांच्या घरी... ते बूट घालूनच बसले असतील.