ह्यूस्टनला बस नाही

मी दुबईला निघालो त्या संध्याकाळी अण्णा ड्यूटीवर होते. सांगली स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक, म्हणजे काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारणारे. दोन वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ, आमचा दादा, अमेरिकेला निघाला तेव्हा त्यांनी नियम धाब्यावर बसवून पुकारा केला होता : "मुंबईला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे. या गाडीने आमचे चिरंजीव सुधीर उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस प्रस्थान करीत आहेत." अख्ख्या स्टँडने टाळ्या वाजवल्या. रसवाल्याने चरक थांबवला. माझ्या वेळी मी खिडकीशी बसून, केसांवरून कंगवा फिरवून, पुकाऱ्याची वाट बघत होतो. माइक खरखरला. अण्णांचा आवाज आला, "प्रवाशांनी आपापले सामान सांभाळावे. पाकीटमारांपासून सावध राहावे." आणि गाडी सुटली.

हे मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

तुमच्यापैकी जे आखातात आले त्यांना ठाऊक आहे, परदेशातही उच्चनीच असतं. अमेरिका म्हणजे परदेश. दुबई म्हणजे नोकरी. मी टाइल्सच्या एका कंपनीत अकाउंट्सला लागलो, करामा नावाच्या वस्तीत एका खोलीत चौघं राहिलो, 'यल्ला' म्हणजे चल आणि 'खलास' म्हणजे संपलं एवढ्यावर पहिलं वर्ष काढलं. ड्रायव्हिंग टेस्टला इतक्यांदा नापास झालो की तपासणारा मला नावाने हाक मारू लागला. यातलं सांगलीत कुणी काही विचारलं नाही.

कारण तिकडे दादाचं चालू होतं. कंपनीला त्याचा कंटाळा येत असावा, दर वर्षी ती त्याला नव्या शहरात धाडायची. आणि तो फोनवर अण्णांना त्या शहरातल्या गाड्या सांगायचा. मी सुट्टीवर गेलो की अण्णा त्या मला सांगायचे. "न्यूयॉर्कला जमिनीखालून गाडी, रात्रभर चालू. माणसं तुसडी, पण गाडीला खंड नाही. शिकागोला लोखंडी खांबांवरून जाते, लोकांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागून. माणसं मऊ, वारा वाईट. सॅन फ्रान्सिस्कोला चढ एवढा की डबा दोराने ओढतात. वॉशिंग्टनला तर गाडीत शेंगदाणा खाल्लास तरी दंड!" लॉस एंजेलिसचं नाव निघालं की मात्र मान हलवायचे. "नाव मोठं. पण बिनमोटारीचा माणूस तिथे लंगडा. असलं कसलं शहर?"

एकदा मी मध्येच तोंड घातलं, "अण्णा, आमच्याकडे खाडी ओलांडायला..."

"तुमचं दुबई काय," अण्णा म्हणाले, "वाटेवरच आहे."

मग दादा ह्यूस्टनला गेला आणि त्याच्या वर्णनांना अचानक ओहोटी लागली. "मोठं शहर आहे, अण्णा," एवढंच. मला वास आला. एकदा फोन केला तर दादा घरी नव्हता, वहिनी भेटल्या. त्या बिचाऱ्या बोलायला कुणी मिळेना म्हणून कासावीस झालेल्या.

"भावजी, इथे नुसता हायवे हो. परवा दूध आणायला चालत निघाले तर पोलिसांनी गाडी थांबवून विचारलं, मॅम, आर यू ओके? चालणारा माणूस म्हणजे काहीतरी बिनसलंय असं वाटतं यांना."

"बसने जायचं की."

"बस? शपथ सांगते, दीड वर्षात पाहिली नाही."

हे वाक्य मी पापलेट ठेवावं तसं फ्रीजरमध्ये ठेवलं. पाहुणे आल्यावर काढायचं म्हणून.

पाहुणे आले दोन हजार सालच्या ऑगस्टात. आई जाऊन वर्ष झालं होतं, अण्णा रिटायर, घरात एकटे. दादा त्यांना सहा महिन्यांसाठी ह्यूस्टनला न्यायला आला होता आणि जाताना दोन दिवस माझ्याकडे उतरले. अण्णांच्या डोळ्यांपुढे अमेरिका म्हणजे सहा महिने गाड्याच गाड्या. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. आणि दादाचं नाक त्यांच्यासमोर कापलं गेलेलं मला बघायचं होतं. दोन्ही एका खर्चात बसत होतं.

बेत साधा. माझी मोटार गॅरेजला गेली आहे असं सांगायचं, भर दुपारी बसने आणि नंतर अब्राने, म्हणजे खाडीतल्या लाकडी होडीने, दोघांना फिरवायचं. दुबईलाही सार्वजनिक वाहतूक आहे हे अण्णांनी बघावं, दादाने घाम गाळावा, आणि होडीत पापलेट बाहेर काढावं.

"गाडी गॅरेजला? कधी दिली?" माधवीने, माझ्या बायकोने, विचारलं. मी डोळे मिचकावले. "तुम्ही ना," म्हणून ती घरीच राहिली. पाच वर्षांच्या मुक्ताला मात्र आजोबांना सोडायचं नव्हतं.

बस आली. मी रुबाबात पुढे चढलो आणि पहिल्याच रिकाम्या सीटवर बसलो. ड्रायव्हर मल्याळी होता. त्याने आरशातून बघितलं.

"ओ भाई, ये लेडीज का सीट है. पीछे जाओ. नया आया क्या?"

सात वर्षं! पण मोटार घेतल्यापासून बसची पायरी चढलो असेन तर शपथ. अण्णा मुकाट मागच्या सीटवर जाऊन बसले होते. "चित्र काढलंय की दारावर," ते म्हणाले. दादा खदखदत होता. तेवढ्यात मुक्ता मोठ्याने म्हणाली, "बाबा, व्हाय आर वी इन द बस? अवर कार इज डाउनस्टेअर्स. आय सॉ इट."

"वा! बिल्डिंगखालीच गॅरेज काढलंय वाटतं," दादा म्हणाला आणि रुमालाने डोळे पुसू लागला. घाम नव्हता तो.

अब्रात बसलो तेव्हा मी पुरता चेपलो होतो. पण अण्णा खुलले. होडीत दाटीवाटीने माणसं बसली आणि होडी निघाली. "भरली की सुटते? वेळापत्रकच नाही?" मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला प्रश्न विचारला, "दिवसाला फेऱ्या किती होतात रे?"

मला माहीत नव्हतं. तेवढ्यात दादा म्हणाला, "अण्णा, शिकागोला नदीत अशाच..."

मग मात्र मी पापलेट काढलं.

"दादा, ह्यूस्टनला तुझ्या घरापासून बस स्टॉप किती लांब आहे?"

"बघायला लागेल."

"वहिनी म्हणाल्या, दीड वर्षात बस पाहिली नाही. चालत दुधाला गेलं तर पोलीस येतात."

दादा पाण्याकडे बघत होता. अण्णांनी सावकाश विचारलं, "सुधीर, म्हणजे मी तिथे दिवसभर करायचं काय?"

"मी आहे ना, अण्णा. शनिवार-रविवार नेईन की मोटारीतून."

"आणि सोमवारी?"

दादाकडे सोमवार नव्हता. खोटं कशाला सांगू, ऑगस्टच्या दुबईत मला थंडगार वाटलं.

दादा एकटाच उडाला. अण्णा व्हिजिट व्हिसा संपेपर्यंत माझ्याकडे राहिले आणि रोज बसने हिंडले. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात फोन आला, खाडीपलीकडच्या देरा भागातल्या बस स्टेशनवरून : "आपका फादर इधर बस छोड रहा है." जाऊन बघतो तर अण्णा फलाटावर उभे राहून एका पठाण ड्रायव्हरला आमच्या सांगलीच्या हिंदीत दटावत होते, "खाली गाडी लेके किधर चला? रुको दो मिनिट!" आणि तो "जी चाचा" म्हणून थांबलेला. मी कान धरून सगळ्यांची माफी मागितली. मनात म्हटलं, ही फलाटाची हौस ह्यूस्टनला भागली असती का?

पण दादा माझाच भाऊ. अण्णांचा व्हिसा संपत आला तोवर त्याने बदली मागून घेतली, शिकागोला गेला, आणि फोन केला : "अण्णा, घर लाइनला लागून घेतलंय. खिडकीतून गाडी दिसते. या."

अण्णांनी त्याच संध्याकाळी बॅग भरली. मी त्यांना एअरपोर्टला सोडून आलो आणि जेवलो नाही.

"हा सूड आहे," मी माधवीला म्हटलं. "माणूस सूडापायी शहर बदलतो!"

"सूड कसला? बाप आहे त्याचा."

"माझाही आहे," मी म्हटलं. तिने आमटी पुन्हा गरम केली.

सांगलीच्या घराला आता कुलूप आहे. कुणी विचारलं, घर कुठे, तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरं विचाराल तर घर म्हणजे आपण राहतो तिथल्या गाड्यांची चौकशी करावीशी ज्याला वाटते असं एक माणूस, आणि ते सध्या शिकागोत असतं. तिथली गाडी खिडकीतूनच दिसते, मग त्यात विचारायचं काय? शुक्रवारी मी फोन केला की अण्णा दुबईचं विचारतात. नवी बस आली का, तो पठाण गाडी भरून नेतो का, अब्राच्या फेऱ्या मोजल्यास का. पहिल्या शुक्रवारी फेऱ्यांचा आकडा मला पुन्हा ठाऊक नव्हता. आता दर शुक्रवारी सकाळी मोटार खाली ठेवून बसने हिंडतो, मागच्या सीटवर बसून.

परवा मी सांगत होतो तर मागून दादाचा आवाज आला, "अण्णा, त्याला सांगा ना, काल इथे बर्फात गाडी..."

"थांब रे जरा," अण्णा म्हणाले, "दुबईचं चाललंय."