माकूच्या तेलाचा डाग

ओडुमासे गावात माकू तेर्लाबी बोळात शिरली, की तीन-चार घरांतल्या बायका आधी कारखान्याच्या चकचकीत तेलाच्या बाटल्या लपवायच्या आणि मग दार उघडायच्या. लपवून उपयोग नसे. माकूचं नाक तिच्या आधी स्वयंपाकघरात पोचायचं.

"ज्याला वास नाही, रंग नाही, त्या तेलाला आईबाप तरी आहेत का गं?" ती विचारायची, आणि बाटली स्वतःच्या हाताने उचलून उकिरड्यावर उपडी करायची. कुणाची बिशाद नव्हती तिला अडवायची.

या रागाला कारण होतं. तिचा नवरा नार्ह चौकात याम नावाचे सुरणासारखे कंद तळून विकायचा. कारखान्याचं स्वच्छ केलेलं तेल, कढईत चार-चार दिवस तेच. उरलंसुरलं स्वतः खायचा. एका दुपारी झारा हातात असतानाच तो कोसळला, तो पुन्हा उठला नाही. डॉक्टरांनी तेलाबद्दल जे सांगितलं त्यातलं निम्मं माकू विसरली, आणि उरलेल्या निम्म्यात तिने पदरची बरीच भर घातली. तिने अंगणात चूल मांडली आणि तेलताडाची लाल फळं शिजवून, उखळात कुटून, पिळून, कांदा-आलं घालून मंद आचेवर तेल काढायला सुरुवात केली. तसं तेल तिची आईही काढायची. चौदा वर्षं झाली. आता तिच्या तेलाला क्रोबो मुलखात नाव होतं. कमरेने दगा दिल्यावर ती घरीच तेल काढायची आणि थोरली लेक कोरकोर ते बाजारात विकायची.

माकूची सगळ्यात लाडकी शिष्या म्हणजे शेजारची कॉम्फर्ट. मास्तरांची बायको, दोन गर्भ गेलेले. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा माकूने तिच्या घरातली शेवटची बाटली रिकामी केली आणि बजावलं, "आता पोटात एकच तेल जाईल. माझं. कोरकोरकडून घे, माझं नाव सांग." कॉम्फर्टने नऊ महिने तो शब्द मोडला नाही. मुलगा झाला, चांगला गुबगुबीत. माकू गावभर अशी मिरवली की जणू तिनेच बाळंतपण केलं.

आठव्या दिवशी पहाटे रीतीप्रमाणे बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणलं, जिभेला पाणी लावलं, नाव ठेवलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. जेवणाचा भार अर्थात माकूवर. लाल तेलातली चवळी आणि तळलेली पिकली केळी. घरचं तेल आदल्या दिवशीच संपलं होतं, म्हणून तिने कोरकोरच्या खोलीत बाजारासाठी भरून ठेवलेल्या कॅनमधला एक उचलला. पातेल्यात ओतताना तेल पाहून ती खूश झाली. काय रंग! एवढं लाल तर तिच्या आईचंही निघत नसे. या खेपेला फळ गुणाचं होतं, असं तिने स्वतःलाच सांगितलं. हा विचार पुढे तिला फार छळणार होता.

जेवण वाढता वाढता तिने बाळाला उचललं आणि तिच्या तेलकट बोटांचे चार ठसे त्याच्या पांढऱ्या दुपट्यावर उमटले.

"आठ दिवसांच्या पोरालाही तेल विकलंस का गं, माकू?" कॉम्फर्टची सासू म्हणाली आणि सगळे हसले.

"हसा, हसा," माकू म्हणाली. "साबण लावून उन्हात टाका. अस्सल तेलाचा डाग ऊन खातं. संध्याकाळी डाग दिसला तर माझं नाव बदला!"

दुपटं दोरीवर गेलं. दिवसभर ऊन असं, की कोंबड्यासुद्धा सावली सोडेनात. संध्याकाळी भांडी आवरून माकू ऐटीत दोरीपाशी गेली.

चारही बोटं तशीच होती. पिवळटपणा उडून गेला होता आणि खाली गुलाबी लाल रंग उरला होता.

माकूने दुपटं डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, वास घेतला. लहानपणापासून तिने आईच्या तेलाचे कपडे धुतले होते. ऊन न खाणारा डाग तिने जन्मात पाहिला नव्हता. तेलात काहीतरी होतं, आणि ते फळातलं नव्हतं.

ती तडक कोरकोरच्या खोलीवर गेली. लेक नुकतीच बाजारातून परतली होती.

"माझ्या तेलात काय घातलंस?"

कोरकोरने आधी आईकडे पाहिलं, मग त्या दुपट्याकडे. खोटं बोलायचा तिने प्रयत्नही केला नाही. खाटेखालून एक पुडी काढून तिने पुढे ठेवली. विटकरी रंगाची पूड. तिच्या कडेने कागदसुद्धा लाल झाला होता.

"सगळ्याच जणी घालतात, आई. गिऱ्हाईक कॅन उन्हात धरून बघतं. शेजारणीचं जास्त लाल दिसलं की तिच्याकडे जातं. तुझं तेल नारिंगी आहे, त्याला कोण विचारतं?"

"हे खायचं असतं?"

"कापड रंगवायचं असतं म्हणे."

माकू खाटेच्या कडेला बसली. "कधीपासून?" तिने कसंबसं विचारलं.

"दिवाळं निघायची वेळ आली होती, आई. गेल्या कापणीपासून."

गेली कापणी. माकूने बोटांवर महिने मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. कॉम्फर्टला दिवस गेले ते त्याच सुमाराला.

"तिला तरी वेगळं द्यायचंस! कॉम्फर्टला तरी!"

"कसं देणार? ती रांगेत येऊन म्हणायची, सगळ्यात लाल दे, माझ्या आंटीचं."

माकूला शिव्या द्यायच्या होत्या, पुडी तोंडावर फेकायची होती. पण एवढं लाल तेल बघून सकाळी खूश कोण झालं होतं? तिला स्वतःचीच किळस आली. ती उठली आणि दुपटं घेऊन शेजारी गेली.

कॉम्फर्ट बाळाला पाजत होती. माकूच्या हातातलं दुपटं बघून तीच ओशाळली. "आंटी, राहिला ना डाग? माझा साबणच मेला भिकार. उद्या पुन्हा घालते उन्हात."

साबणावर ढकलून मोकळं होता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

"साबण चांगला आहे, पोरी," ती म्हणाली. "तेल वाईट आहे. माझं तेल." आणि तिने सगळं सांगितलं, पुडीपासून महिन्यांपर्यंत, एक शब्द न गाळता.

कॉम्फर्टने बाळाला छातीपासून दूर केलं आणि ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. बाळ रडू लागलं. तिने त्याला जवळ घेतलं नाही, खालीही ठेवलं नाही.

"म्हणजे ह्याला मी दुधातूनसुद्धा..." मग तिने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर माकूला सोसला असता.

"उद्या चुलीवर काय घालू, आंटी?" तिने विचारलं. "तूच सांग. मी नेहमी तुलाच विचारते."

चौदा वर्षं माकूकडे या प्रश्नाचं उत्तर कुणी विचारायच्या आधीच तयार असायचं. आता तिने दुपट्यावरच्या चार ठशांवर आपली चार बोटं ठेवली; ती बरोबर बसली.