कार्बोरेटरला हळदीकुंकू

खंडेनवमीला घरातले पाने-पक्कड पेट्रोलनं पुसायला घेतले, की त्या वासानं मला लग्नानंतरचा पहिला दसरा आठवतो.

मला माहेरी, तामलवाडीला न्यायचं म्हणून यांनी ढोकीच्या आमच्या अंगणात मोटरसायकलचा कार्बोरेटर स्वतःच खोलला. सुटे भाग काढतील तसे पोत्यावर ओळीनं मांडले आणि पेट्रोल आणायला गेले. मला वाटलं, पूजेसाठीच मांडलेत. मी ते चिंचेनं घासून लखलखीत केले, हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि सगळे देव्हाऱ्यापुढं नेऊन ठेवले.

हे परतले ते रिकाम्या पोत्याकडं बघतच राहिले. "आता कुठला कुठं बसतो, कुणाला ठावं?" एवढंच बोलले. मला रडू फुटलं. हे तसेच माघारी जाऊन मिस्त्रीला घेऊन आले. त्यानं आधी हात जोडले, मगच झेंडू बाजूला सारून एकेक भाग उचलला. दिवेलागणीला आम्ही तामलवाडीत पोचलो.

यंदा पूजा करताना मी माझ्या त्या जुन्या चुकीचा विषय पुन्हा काढला. हे गालातल्या गालात हसले.

"मलाबी ते जोडता येत न्हवतंच," म्हणाले. "पेट्रोलचं निमित्त करून मिस्त्रीलाच बघाया गेलो होतो."