विकायच्या घरातला लोकरीचा वास

हे मी लिहावं का, या प्रश्नाशी मी बरेच दिवस अडून बसलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. घरात कागद म्हणजे रेशनकार्ड आणि घराच्या खरेदीखताचा कागद, तोही पत्र्याच्या पेटीत. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट असतं त्यांनी लिहावं, आपण वाचावं, असं मला अजूनही वाटतं. त्यातून मी लिहिणार आहे ते वासाबद्दल. वास कागदावर कसा आणायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा जे चुकेल ते पोटात घालावं. पण ज्या हिवाळ्यात आम्ही घर विकायला काढलं, त्या हिवाळ्याइतका उत्साह मला आजवर कधीच आलेला नाही. तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझे वडील घोंगड्या विणायचे. आमची माणसं मूळची पिशोरकडची, मेंढ्या वळणारी. बाबांनी कळप विकून हर्सूलच्या अलीकडे दोन खोल्या बांधल्या आणि पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा खणून माग बसवला. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. पण विणण्याआधी ताणा, म्हणजे उभे धागे, लांबच लांब पसरावे लागतात. त्यांना चिंचोक्याची खळ चोपडायची. चिंचोके भाजून, दळून, शिजवून चिकट लापशीसारखी खळ होते. ती कुंच्यानं धाग्यांना लावून उन्हात सुकवली की धागा कडक होतो. घर बांधलं तेव्हा समोर नुसता माळ होता. बाबा ताणा माळावर पसरायचे.

मग माळावर घरं आली, घरांमागून सिमेंटचा रस्ता आला. एके दिवशी पसरलेल्या ताण्यावरून मोटारसायकल गेली. चालवणारा थांबून म्हणाला, "काका, रस्त्यात दोऱ्या कशाला बांधता?" बाबांनी ताणा उचलून आत नेला. दोन दिवस तुटलेले धागे गाठत बसले.

तिथून घर विकायची गोष्ट निघाली. सावंगीच्या पुढं एका ओळखीच्या शेतकऱ्याची रस्त्याकाठची जागा होती. मागाला पुरेल एवढी एक खोली आणि पुढं ताण्याला पुरेल एवढी मोकळी जमीन. त्यानं बाबांना शब्द दिला, "संक्रांतीपर्यंत थांबतो. त्याच्या पुढं भावासमोर माझं चालायचं नाय." बाबांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं, "संक्रांतीच्या आत घर गेलं तर माग तिकडं जाईल. नाय गेलं तर मागाची लाकडं बंबात." हे त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं. मायनं त्यांच्या ताटात आणखी कालवण वाढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

घर दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजवाला. मला तर परीक्षेत पहिलं आल्यासारखं झालं. मी भिंतींना चुना दिला, मागावर धुतलेली चादर टाकली आणि आरशासमोर उभं राहून "या, बसा, ही पुढची खोली" असं चार वेळा म्हणून पाहिलं.

पहिलं गिऱ्हाईक बँकेतले एक साहेब होते. उंबऱ्यातच त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. मी कळवळून विचारलं, "सर्दी झाली का साहेब? माय काढा करून देईल." ते रुमालाआडून "नको, नको" म्हणाले. पुढची खोली त्यांनी दारातून पाहिली आणि मागची पाहिलीच नाही. ते गेले तरी मी खूश होतो. मायला म्हणालो, "पहिल्याच दिवशी बँकेतला माणूस आला."

शेजारच्या खाला, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मावशी, त्यांच्या ओट्यावर लसूण सोलत हे सगळं बघत होत्या. आमच्याकडे फोन नव्हता, आमचे निरोप खालांच्या फोनवर यायचे. त्यामुळे आमच्या घरातलं कुठलंही काम त्यांना आधी कळायचं. त्या हसून म्हणाल्या, "अरे भोले, उसको सर्दी नहीं थी. तुम्हारे घर में बास है ना, ऊन की, घोंगडी की."

"कसला वास? मला तर येत नाय."

"तेरे कू कैसी आएगी? तू तो उसी में पैदा हुआ."

मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो आणि नाकानं जोरात श्वास घेत परत आलो. काही नाही. डोळे मिटून पुन्हा आलो. तरी काही नाही. शेवटी अभ्यासाचं निमित्त करून हॉस्टेलवरच्या मित्राच्या खोलीत दोन दिवस राहिलो आणि तिसऱ्या दिवशी घरी आलो. दार उघडलं तेव्हा तो वास मला आयुष्यात पहिल्यांदा आला. ओल्या लोकरीचा, तेलकट, त्यात आंबत चाललेल्या खळीचा. मी वही नाकाशी धरली, वहीलाही तोच. म्हणजे कॉलेजात मी बाकावर बसायचो तेव्हाही हा वास माझ्याबरोबर बसत असणार. मला लाज वाटली, हे खरं सांगतो. आणि त्याच वेळी एक शोध लागल्याचा आनंदही झाला, हेही खरं. दुखणं कळलं होतं, आता औषधच करायचं होतं.

पहिलं औषध फिनेल. मी इतकं फिनेल टाकलं की बाबा दोन्ही पाय आखडून मागावर बसले आणि म्हणाले, "हे घर विकायचं हाय का दवाखाना काढायचाय?" त्या दिवशी आलेला दुकानदार नाक वर करून म्हणाला, "इतकी सफाई? उंदीर-बिंदीर मेलेत का?" तोही पुन्हा आला नाही.

दुसरं औषध मी खालांकडून आणलं. त्यांच्या घरी दर गुरुवारी लोबानचा धूर फिरवायचे आणि त्यांच्या घराला छान वास यायचा. खालांनी पुडी देताना चिमूटभर सांगितलं होतं. मी मूठभर टाकलं. त्या दिवशी येणारं कुटुंब चांगलं होतं, नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. जागा त्यांना रस्त्यावरून आवडली होती, आणि मी हर्षानं निखाऱ्यावर पुडी रिकामी केली. खाला भिंतीवरून डोकावल्या, "क्या रे, किसका जिन निकाल रहे?"

म्हातारी दारातच थबकली. घरभर पांढरा धूर आणि मध्ये मी धुपाटणं घेऊन उभा.

"घरात कोण आजारी हाय का?" तिनं विचारलं.

"नाय आजी, कोणीच नाय."

"मग काही बाहेरचं?"

मी धुपाटणं पाठीमागं लपवलं. मायला खोटं बोलता येत नाही. ती पदरानं डोळे पुसत आतून म्हणाली, "बाहेरचं नाय मावशी. घोंगड्यांचा वास येतो म्हणून पोरानं ऊद घातला, झाकायला."

म्हातारीनं सुनेचा हात धरला. "झाकायला घातला म्हणजे झाकण्यासारखं असंल काही. चल ग."

ती मंडळी गेल्यावर मायनं माझ्या हातातलं धुपाटणं काढून घेतलं. बाबा मागावरून उठलेसुद्धा नव्हते. धुरात फक्त त्यांचा आवाज आला, "संक्रांतीला किती दिस उरले रे?" मी सांगितलं. पुढचे तीन-चार दिवस त्यांनी नवा ताणा धरला नाही. नुसते मागाच्या लाकडांवरून हात फिरवत बसायचे. आतापर्यंत मला हा खेळ वाटत होता. त्या दिवसांपासून मी रोज रात्री संक्रांतीचे उरलेले दिवस मोजायला लागलो.

नंतरच्या रविवारी मी काहीच केलं नाही. कुणी यायचंच नव्हतं. माय तव्यावर हिरव्या मिरच्या परतत होती, ठेच्यासाठी. मिरच्या नुकत्या तडतडायला लागल्या होत्या आणि दारात एक बाई उभ्या राहिल्या. मागं त्यांचे मिस्टर, हातात भाजीची पिशवी. बाई शाळेत शिक्षिका होत्या, आमच्या घराबद्दल त्यांना त्यांच्या शिपायानं सांगितलं होतं. हे सगळं नंतर कळलं, कारण आत पाऊल टाकताच दोघांनाही ठसका लागला. बाई खोकतायत, मिस्टर खोकतायत, मी शिंकतोय, माय आतून "अगं बाई, अगं बाई" करत तवा उतरवतेय. मला वाटलं, संपलं.

मी तांब्याभर पाणी आणून दिलं. बाई खाटेवर टेकल्या, पाणी प्यायल्या, डोळे पुसले. मग खोलीकडे बघत राहिल्या. मी माफी मागायला लागलो तर हातानं मला थांबवलं.

"आता ठसका लागतोय का तुम्हाला?" त्यांनी मिस्टरांना विचारलं.

"नाही."

"एवढ्यात गेला बघा धूर. पाणी प्यायले तेवढ्यात."

मला त्यांचं म्हणणं कळेना. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "बाई, खरं सांगतो, घराला नुसता मिरचीचा नाय, लोकरीचाही वास हाय. बाबा घोंगड्या विणतात."

"तो मला दारातच आला," त्या म्हणाल्या. "मी वास कोणता ते बघत नाही बाळा. तो किती वेळ मुक्काम करतो ते बघते. आमच्या फ्लॅटमध्ये परवाची मेथी अजून जिन्यात बसलेली आहे. खालच्या मजल्यावर मासे तळले तर आम्ही दोन दिवस मासे खातो, न खाता."

मिस्टर पहिल्यांदाच बोलले, "फुकटात."

मग बाई उठल्या आणि घर बघायला लागल्या, पण बघण्याची रीत वेगळीच. दाराच्या समोरच्या खिडकीपाशी तळहात धरला. पत्र्याखाली हातभर फट ठेवली होती तिकडे मान वर करून बघितलं. मागच्या दाराशी पदर हलला तेव्हा हसल्या. "हे कुणी बांधलं? गवंड्यानं स्वतःहून असं केलं नसतं."

बाबा आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलले नव्हते. ते खड्ड्यातून वर आले. "मी सांगून बांधून घेतलं. ओली लोकर वाळवायची तर वारं आरपार पायजे. पावसाळ्यात वारं नसलं तर लोकर कुजती. म्हणून दार तिथं खिडकी, अन् वर फट."

मी बाबांकडे बघतच राहिलो. ज्या लोकरीमुळे माणसं उंबऱ्यातून परत जात होती, त्याच लोकरीसाठी हे घर एवढं हवेशीर बांधलं गेलं होतं. याच घरात वाढूनही हे मला ठाऊक नव्हतं. फिनेल आणि लोबान टाकण्याच्या नादात मी खिडक्या बंद करून ठेवायचो, वास बाहेर गेला तर शेजाऱ्यांना कळेल म्हणून.

"आणि हा खड्डा?" बाईंनी मागाखाली बघत विचारलं.

"बुजवून देऊ," बाबा म्हणाले. मग मागाच्या लाकडावर हात ठेवून, "माग निघाला की."

मायनं दोघांना ठेचा आणि भाकरी खायला लावली. मिस्टरांनी दुसरी भाकरी घेतली. जाताना बाई म्हणाल्या, "ह्यांच्या आईंना विचारून शेजारच्या फोनवर कळवते. ठेचा जरा जास्तच झणझणीत आहे हं, पण घर चांगलं आहे." खाला ओट्यावरून म्हणाल्या, "फोन की फिकर मत करो, मैं नमाज के सिवा उठती नहीं यहाँ से."

आणि त्याच आठवड्यात माझं कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर निघालं. फर्दापूरच्या जवळच्या एका गावी, बंधाऱ्याचं काम. हजेरीला गुण होते, जाणं भाग होतं. निघताना बाबांनी एक घोंगडी दिली. मी ती पिशवीच्या तळाशी कोंबली. वासाची गोष्ट आता मला ठाऊक झाली होती ना. दोन दिवस थंडीत कुडकुडलो, पण बाहेर काढली नाही. तिसऱ्या सकाळी बोटं इतकी गारठली की फावडं धरता येईना, तेव्हा काढून अंगावर घेतली. शेजारच्या मुलानं हुंगून विचारलं, "हा कसला वास रे?" मी म्हणालो, "लोकरीचा. आणि चिंचोक्याच्या खळीचा." तो म्हणाला, "असू दे, सरक जरा," आणि अर्ध्या घोंगडीत शिरला. दुपारपर्यंत अख्ख्या गटाला खळ कशी करतात हे माझं सांगून झालं होतं.

गावात फोन लागत नव्हता आणि खालांचा नंबर मी लिहून आणला नव्हता. रोज संध्याकाळी दूध आणायच्या निमित्तानं मी फर्दापूरच्या स्टँडवर जायचो. आमच्या घरावरून, सावंगीवरून येणारी एसटी तिथं थांबायची. त्या गाडीचे कंडक्टर बाबांच्या ओळखीचे, सिल्लोडच्या बाजाराला घोंगड्यांचे गठ्ठे त्यांच्याच टपावरून जायचे, आणि घरचा निरोप त्यांच्याच हाती येणार होता. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "काही निरोप नाय." दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी गाडीवर दुसराच माणूस. चौथ्या दिवशी गाडीच आली नाही. संक्रांतीला दोन दिवस राहिले होते. माझ्या मनात बंब पेटलेला दिसायचा आणि मी दुधाची किटली घेऊन तसाच परत फिरायचो.

भोगीच्या संध्याकाळी गाडी आली. मी चहाच्या टपरीपाशी घोंगडी पांघरून उभा होतो. कंडक्टर पायरीवरूनच मला बघून हसले. "तुला शोधावं नाय लागत बाबा, घोंगडीवरूनच वळखू येतो." मग तिकिटांची पेटी काखेत घेऊन खाली उतरले. "तुझ्या बापानं सावंगीच्या पुढं हात करून गाडी थांबवली. दोन मिनटं उभी केली, ड्रायव्हर माझ्यावर खेकसला. अन् निरोप असा दिला बघ, जसाच्या तसा सांगतो. म्हणाला, बाईंचा फोन आला, होकार हाय. जागेचा शब्द पक्का झाला. माग निघाला, लाकडं सावंगीला पोचली. खड्डा तेवढा ठेवलाय, तू आल्यावर दोघं मिळून बुजवू."