अळणी सोमवारच्या गुळण्या

केमोच्या दुसऱ्या डोसनंतर सासूबाईंच्या तोंडात फोड आले. जिभेच्या कडेला, गालांच्या आतून. वरणाचं पाणीही झोंबायचं. डॉक्टर म्हणाले, वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस लांबणीवर टाकावा लागेल. बाजारातल्या माउथवॉशने आग होते, घरीच खायच्या सोड्याच्या गुळण्या करा.

उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, त्यात सपाट चमचाभर खायचा सोडा आणि तेवढंच मीठ. रोज ताजं करायचं, उरलेलं ओतून द्यायचं. धुण्याच्या सोड्याचं पाकीट मी आधी स्वयंपाकघरातून हलवलं. बाटलीला पट्टी चिकटवून ‘गुळण्या’ असं लिहिलं. तरी नवरा एकदा त्यातलं प्यायलाच.

सासूबाई काटोलच्या. शहरात मनीषनगरला आमच्याकडे त्या उपचारापुरत्या आल्या होत्या आणि परत कधी सोडता, हे रोज विचारत होत्या. गुळण्या मात्र न सांगता करत. फोड बसू लागले, मऊ खिचडी जाऊ लागली. पण दर मंगळवारी तोंड पुन्हा लाल दिसे. मला वाटलं, औषधाचाच परिणाम असेल.

मग एका सोमवारी संध्याकाळी बाटली उचलली तर ती गळ्यापर्यंत भरलेली.

“आई, आज गुळण्या केल्या नाहीत?”

“सोमवार हाय वं आज. अळणी.”

सोमवारी त्या उपास करतात, मीठ खात नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून साबुदाण्याची खीर, शिकरण असं सगळं मी करून ठेवत असे. गुळण्यांतल्या मिठाचा विचार मी केलाच नव्हता.

“गिळायचं कुठे आहे? थुंकूनच टाकायचं.”

“जिभेले तं लागते ना. लागलं म्हणजे मोडला.”

“एवढा कडक उपास कशासाठी?”

“नवस हाय. डोस पुरे व्हावे म्हणून. तुले काय वाटलं, टीव्हीसाठी?”

नवस मोडायला सांगून त्या ऐकणार नव्हत्या, आणि माझ्याकडे तेवढा वेळही नव्हता. डॉक्टरांना फोन केला. मिठाशिवाय चालेल का? ते म्हणाले, चालेल, नुसता सोडाही पुरतो. बाटली ओतून, धुऊन पुन्हा भरली.

सासूबाईंनी ग्लासाकडे संशयाने पाहिलं. “सोडा तं भज्यात पडते. उपासाले कसा चालन?”

“भज्यात पाणीही पडतं. पाणी सोडलंत का?”

“लय बोलते तू,” त्या म्हणाल्या आणि ग्लास घेतला.

त्यानंतर दर सोमवारी बिनमिठाचं पाणी होऊ लागलं. मंगळवारी तोंड लाल दिसेनासं झालं. पोळी कुस्करून दुधात जाऊ लागली.

पुढच्या डोसाच्या दिवशी त्या चपला घालूनच वजनकाट्यावर चढल्या.

“चपला काढा आई.”

“राहू दे वं, तेवढंच भरते.”

मी काढायला लावल्या. काटा मागच्याच आकड्यावर थांबला. डोस त्याच दिवशी दिला.

परतताना रिक्षात त्या डोळे मिटून बसल्या होत्या. झोप लागली असं वाटलं, तेवढ्यात म्हणाल्या, “आज मंगळवार हाय. खिचडीत मीठ नीट टाकजो.”